पाझार म्हणजे रविवार

परतीच्या तिकिटात इस्तंबूलला सव्वाअकरा तासांचा थांबा निघाला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, विमानतळावर बसून काय करणार? गावात जाऊन या." ती श्टुटगार्टला असते. बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे होतो. तीन महिन्यांत मी तिचं स्वयंपाकघर, समोरची बाग आणि कोपऱ्यावरचं दुकान एवढंच जर्मनी पाहिलं होतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. हे म्हणाले, "विमान चुकलं तर?" हा प्रश्न ह्यांनी पुढचे पंधरा दिवस रोज एकदा विचारला.

आधी व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ऑनलाइन व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा), अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा किंवा तिथला राहण्याचा परवाना हातात असेल तरच मिळतो, आणि तो तुर्कस्तानात शिरायच्या दिवशी चालू असावा लागतो. आमचा शेंगेन संपायला चार दिवस बाकी होते. परतीची तारीख आठवडाभर पुढे ढकलली असती तर अकरा तास काचेतून विमानं बघत बसावं लागलं असतं. लेकीने रात्री बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने अर्ज भरला आणि पैसे भरताच व्हिसा ईमेलमध्ये आला. त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या. मोबाइलमध्ये असलेल्या कागदावर ह्यांचा विश्वास नाही. एका अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी होते, कागद डोळ्यांनी दिसला पाहिजे.

मोठ्या बॅगा श्टुटगार्टलाच थेट मुंबईपर्यंत टाकल्या. बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचा कोड मुंबईचा आहे ना, हे ह्यांनी काउंटरवरच्या मुलीला दोनदा विचारलं. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही तिथेच घेतले. हातात एक ट्रॉली आणि माझी खांद्याची पिशवी.

इस्तंबूलचा नवा विमानतळ फार मोठा आहे. विमानातून उतरल्यापासून पासपोर्टच्या रांगेपर्यंत चालताना माझ्या चपलेचा अंगठा सैल झाला. रांगेत पाऊण तास गेला. बाहेर आल्यावर ट्रॉली ठेवायची जागा शोधत होतो, तर पाटीवर शब्द दिसला, 'एमानेत'. मी ह्यांना म्हटलं, "अहो, अमानत!" आणि खरोखर सामान सांभाळायची तीच खोली. पैसे घेतात, पण पाठ मोकळी होते. दिवसभर असेच शब्द भेटत राहिले. आमच्या भाषेत आणि त्यांच्या भाषेत फारसी-अरबीच्या एकाच कोठारातून माल आला आहे, हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि पाटीवर दिसलेलं वेगळं.

विमानतळापासून गाव चाळीसेक किलोमीटर. टॅक्सीवाले पुढे पुढे करत होते, पण लेकीने मेट्रोनेच जायचं असं बजावलं होतं. ही मेट्रो 2023 साली सुरू झाली. यंत्रातून इस्तंबूलकार्ट नावाचं कार्ड काढायचं, त्यात पैसे भरायचे, मग ते मेट्रो, ट्राम, बस, बोट सगळीकडे चालतं. दोघांत एक कार्ड पुरतं. आधी ह्यांना आत सोडून तेच कार्ड मी पुन्हा टेकवलं. यंत्रापाशी एक तरुण मुलगा मागे उभा होता, त्याने आमची धांदल पाहून आपण होऊन बटणं दाबून दिली आणि इंग्रजीत विचारलं, "पाकिस्तान?" हे म्हणाले, "सांगली." त्याने मान डोलावली.

आमचा बेत असा होता: गायरेत्तेपेला मेट्रो बदलायची, वेझनेजिलेरला उतरायचं, आणि तिथून चालत ग्रँड बाजार. लेकीची, तिच्या सासूबाईंची आणि माझ्या दोन जावांची यादी पिशवीत होती. ग्रँड बाजार म्हणजे तिथलं कापालीचार्शी, छप्पर घातलेला बाजार. इस्तंबूल जिंकल्यावर दोन-तीन वर्षांतच सुलतान दुसऱ्या मेहमेदने त्याची सुरुवात केली, आणि आता त्यात साठावर गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. हे सगळं मला पाठ होतं. पंधरा दिवस दुसरं काय वाचत होते मी?

बाराच्या सुमाराला आम्ही बाजाराच्या दारात उभे होतो. दार बंद होतं. मोठं लाकडी दार, वर कमान, पुढे दोन मांजरं. मला वाटलं दुपारची सुट्टी असेल. बाजूला एकजण कणसं भाजत होता, त्याला खुणेने विचारलं. तो म्हणाला, "पाझार." मी म्हटलं, हो, पाझार, बाजार, तोच तर बघायचा आहे. तो पुन्हा म्हणाला, "पाझार, पाझार," आणि हाताने कुलूप लावल्यासारखं केलं. मी पुन्हा दाराकडे बोट केलं. आमचं असं तीन-चार वेळा झालं. शेवटी ह्यांनी मोबाइलमध्ये तो शब्द घातला. तुर्की भाषेत पाझार म्हणजे बाजार आणि पाझार म्हणजेच रविवार. आणि पाझारला हा बाजार बंद असतो.

पंधरा दिवस सगळं वाचलं, फक्त वार बघितला नाही. हे काही बोलले नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचे प्रकार मला ओळखता येतात. हे न बोलणं 'मी काही बोलत नाही हे लक्षात ठेव' या जातीचं होतं. मग त्यांनीच त्या माणसाकडून एक कणीस घेतलं, अर्धं मोडून मला दिलं. कणीस भाजलेलं होतं पण लिंबू-तिखट काही नाही, नुसतं मीठ भुरभुरलेलं. कणसालाही तिथे मिसिर म्हणतात आणि इजिप्तलाही मिसिर. हा शब्द पुढे कामाला आला.

ट्रामने तीन मिनिटांत सुलतानाहमेतला उतरलो. समोर मोठं मैदान, त्याला ते मेयदान म्हणतात. एका बाजूला आया सोफिया, दुसऱ्या बाजूला निळी मशीद. आया सोफिया 537 साली चर्च म्हणून उभी राहिली, 1453 मध्ये मशीद झाली, 1935 मध्ये संग्रहालय, आणि 2020 पासून पुन्हा मशीद. परदेशी पाहुण्यांना आता वरच्या सज्जातून बघायला पाठवतात आणि त्याचं तिकीट माणशी 25 युरो. दोघांचे 50. ह्यांनी मनात रुपये केले, मीही केले, आणि आम्ही एकदमच म्हणालो, "बाहेरून बघू." बाहेरूनही ती छान दिसते. आत न गेल्याची रुखरुख मला अजून आहे, खोटं कशाला बोलू, पण तेव्हा रांगही तासाभराची होती.

निळ्या मशिदीत तिकीट नाही. पण आम्ही पोचलो आणि दुपारची अजान झाली. नमाजाच्या वेळी पाहुण्यांना आत सोडत नाहीत. मग मैदानातच बाकावर बसलो. तीळ लावलेला गोल पाव, सिमित, घेतला, दोन छोट्या कमरेच्या पेल्यांत बिनदुधाचा चहा. त्यालाही चाय म्हणतात आणि साखरेला शेकेर. आमच्या बाकासमोर गुलाबी ग्रॅनाइटचा इजिप्शियन स्तंभ होता. मुळात हा तिसरा थुतमोस या राजाने इजिप्तमध्येच उभारलेला. रोमन बादशहाने तो आणवला आणि 390 साली इथे रोवला. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांची ती चित्रलिपी, आणि कडा अजून धारदार. हे म्हणाले, "आपल्या घराचा गिलावा सात वर्षांत गेला." जवळच एक घुमटीचं कारंजं आहे, ते जर्मन कैसर दुसऱ्या विल्हेल्मने दिलेलं. तीन महिने जर्मनीत काढून आलेल्यांना ते ओळखीचं वाटायला हवं होतं, पण आम्ही नुसतं पाणी प्यायलो.

दोनच्या पुढे मशीद उघडली. चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात. माझी ओढणी होती, नसेल त्यांना दारात कापड देतात. सहा मिनार, 1616 मध्ये पुरी झालेली, आत इझनिकच्या टाइल्स वीस हजारांवर. पण मला आठवतो तो गालिचा. जाड, लाल, पाय बुडतील असा. पहाटे तीनला उठल्यापासून चालत होते, त्या गालिच्यावर टाचेला आराम पडला आणि मी वर घुमटाकडे बघायचं सोडून दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

आता उलटं गणित. विमान पावणेनऊला. तीन तास आधी पोचायचं म्हणजे पावणेसहा. मेट्रो, बदल, चालणं धरून सव्वा ते दीड तास. म्हणजे सव्वाचारला निघायला हवं. अडीच वाजले होते. माझ्याकडे पावणेदोन तास, चार बायकांची यादी आणि बंद बाजार. एमिनोन्यूचा मसाल्याचा बाजार मात्र रविवारी चालू असतो, हे मी तिथल्या पोलिसाला विचारूनच पुढे निघाले. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून.

त्या बाजाराचं नाव मिसिर चार्शीसी. कणीसवाल्यामुळे मला पहिल्यांदा मक्याचा बाजार वाटला, पण हा मिसिर म्हणजे इजिप्त. इजिप्तच्या महसुलातून 1660 च्या दशकात तो बांधला, आणि दुकानांच्या भाड्यातून शेजारच्या नव्या मशिदीचा खर्च चालायचा. काटकोनात वळलेलं लांबच लांब दगडी छत, दोन्हीकडे दुकानं. आत शिरताच वास. मिरची, दालचिनी, गुलाब, सुकी अंजिरं, आणि कुठून तरी अगदी ओळखीचा वास, जो मला पटकन कळेना. ह्यांना कळला. हे सरळ त्या दुकानाकडे गेले.

पोत्यांसारख्या टोपल्यांत मसाल्यांचे शंकू रचलेले. एका पिवळ्याधमक शंकूवर पाटी, 'हिंत साफरानी'. खाली इंग्रजीतही होतं, भारतीय केशर. हे थबकले. चिमूट उचलली, डाव्या तळहातावर ठेवून उजव्या अंगठ्याने चोळली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हळद आहे ही!"

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसाला परदेशात कुणी हळद केशर म्हणून दाखवतो, यावर हसावं की रागवावं? ह्यांनी दोन्ही केलं. शेजारच्या टोपलीत तांबूस-केशरी पाकळ्यांचा ढीग होता, त्यावर तुर्की केशर अशी पाटी. ह्यांनी ती पाकळी उचलली. "आणि ही करडई." खरोखर करडईच्या फुलाच्या पाकळ्या होत्या. खरं केशर काचेच्या कपाटात, छोट्या डबीत, ग्रॅमवर. ते खरं होतं, भावही खरा होता. एवढं लक्षात ठेवलं तर या बाजारात केशराच्या बाबतीत कुणी फसणार नाही. ढिगात असतं ते केशर नसतं.

दुकानदार पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या. तो रागवेल असं वाटलं, पण ह्यांनी ज्या तऱ्हेने चिमूट चोळली ते पाहून त्याला काहीतरी कळलं असावं. त्याने विचारलं, "हिंदिस्तान?" ह्यांनी मोबाइलमध्ये मराठीत बोलून तुर्कीत उमटवलं की आमच्या गावात हळदीचा बाजार भरतो, आणि हळकुंड दाखवा, पूड झाल्यावर काय कळतंय. मोबाइलने हळकुंडाचं काय केलं देव जाणे, पण त्याने आतून सुक्या आल्याचा तुकडा आणून दाखवला. ह्यांनी मान हलवली. मग ह्यांनी बोटांनी जमीन उकरून दाखवली, शिजवून दाखवली, वाळवून दाखवली. मार्केट यार्डातले लोक असते तर शिट्ट्या पडल्या असत्या. हरिपूरला जमिनीत पेवं असायची, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, हेही ह्यांनी हाताने विहीर काढून सांगितलं. दुकानदाराने हे सगळं गंभीरपणे ऐकलं आणि पोऱ्याला हाक मारून सफरचंदाचा चहा मागवला.

मी घड्याळाकडे बघत होते. तीन वीस.

ह्यांना तिथेच सोडून मी यादी काढली. लोकुम म्हणजे त्यांची बर्फी म्हणा, चिकट, वर पिठीसाखर. ती घ्यायला एका दुसऱ्या दुकानात गेले आणि तिथे माझी फजिती झाली. विक्रेता फार गोड बोलतो. हे चाखा, ते चाखा. मी 'यारिम किलो' म्हणजे अर्धा किलो एवढं पाठ केलं होतं. त्याने डबा घेतला, एक थर साधा, एक थर पिस्त्याचा, मग डाळिंबाचा, मग दाबून आणखी पिस्त्याचा, आणि तराजूवर ठेवला तर एक किलो शंभर ग्रॅम. तराजूला तेराझी म्हणतात आणि बिलाला हेसाप, म्हणजे हिशोब. शब्द इतके आपले असूनही हिशोब माझा नव्हता. मी डबा परत सारला आणि ठणकावून म्हटलं, "यारिम किलो." तो हसला आणि अर्धा रिकामा केला, पण पिस्त्याचेच तुकडे वाचवून साधे काढले. तिथे गेलात तर आधी भाव विचारा, मग डब्यावर हात ठेवून उभ्या राहा, आणि काटा बघा. शेंगदाणे घेताना आपण करतो तेच. परदेशात गेलं की आपण उगाच भिडस्त होतो.

पुढे लाल मिरचीचा जाडसर पुल बिबेर घेतला, आंबट सुमाक घेतलं, सुक्या वांग्यांची माळ नुसती हातात घेऊन बघितली आणि ठेवली. जावांसाठी दोन रुमाल. स्वतःसाठी एक बाटली घेतली, डाळिंबाच्या रसाचा घट्ट अर्क, नार एक्शिसी. चमच्यावर चाखायला दिला तर जिभेवर आमसुलाच्या आगळाची आठवण आली, फक्त अधिक गोड. आमटीत घालून बघायचा, एवढा पक्का बेत झाला.

परत आले तर हे आणि दुकानदार शेजारी शेजारी स्टुलावर. माझ्या पिशवीत भडंगाचं एक पाकीट उरलं होतं. लेकीसाठी सांगलीहून नेलेल्या बारापैकी शेवटचं. तिने "विमानात खा" म्हणून परत दिलेलं. ह्यांनी ते मागितलं, फोडलं, त्याच्यापुढे धरलं. त्याने मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, "आजी!" मला वाटलं मलाच म्हणतोय. तुर्कीत आजी म्हणजे तिखट. मग त्याने पुन्हा हात पुढे केला.

निघताना त्याने त्या पिवळ्या शंकूतून पाव किलोभर हळद पिशवीत भरली, हवा काढून सील केली, वर छापील चिठ्ठी लावली आणि ह्यांच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणजे आम्ही इस्तंबूलहून सांगलीला हळद घेऊन निघालो. त्याच्या पाटीवरचा किलोचा भाव ह्यांनी रुपयांत करून पाहिला होता. सौद्यातल्या भावाच्या तो कित्येक पट निघाला, तेव्हा फुकट मिळाली ते बरंच झालं.

बाहेर आलो तर समोर खाडी, गालाता पूल, आणि उजवीकडे बोस्फोरसच्या सामुद्रधुनीपलीकडे आशिया खंड. बोटीने वीस मिनिटांत उस्कुदारला जाता येतं, लोक मुद्दाम जातात, एका दिवसात दोन खंड. मी म्हटलं, जाऊ या का? हे म्हणाले, "आशियातच राहतो की आपण." चार वाजले होते. पुलावर कठड्याला लागून माणसंच माणसं गळ टाकून उभी होती, पायाशी बादल्या, बादलीत बोटभर मासे उड्या मारत. ह्यांनी पुलाखाली पावात घातलेला मासा घेतला, बालिक एक्मेक, कांदा आणि लिंबू घालून. ह्यांच्या मते काटे नीट काढले नव्हते. मी लिंबू चोखत आशिया खंड बघत बसले.

परत जाताना ट्रामने काबाताशपर्यंत, तिथून भुयारी रोपवेसारख्या गाडीने तक्सिम, पुढे मेट्रो. ट्राममध्ये थांब्यांची नावं वाचत होते. एक थांबा तोफाने. तोफखाना! नगरलाही तोफखाना आहे. तोफ हा शब्दच मुळात त्यांच्याकडून आला.

गायरेत्तेपेला विमानतळाची मेट्रो पकडायला जिने आणि बोगदे संपता संपत नव्हते, आणि खाली पोचलो तर एक गाडी नुकतीच सुटलेली. पुढची बऱ्याच वेळाने. त्या फलाटावर ह्यांनी आणखी एकदा विचारलं, "विमान चुकलं तर?" या खेपेला मी उत्तर दिलं नाही.

सहाला पोचलो. एमानेतमधून ट्रॉली घेतली, पासपोर्ट झाला, तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवली. पट्टा थांबला. पिशवी बाजूला गेली. मुलीने आतून डाळिंबाच्या अर्काची बाटली काढली आणि माझ्याकडे बघितलं. शंभर मिलिलिटरच्या वर द्रव नेता येत नाही, हे मला माहीत होतं. पण हा इतका घट्ट होता की द्रव म्हणून तो माझ्या डोक्यातच आला नाही. मोठ्या बॅगा तर सकाळीच पुढे गेल्या होत्या. मी तिला बाटली उलटी करून दाखवली, अर्क हळूहळू सरकत होता. "बघ, वाहत नाही." ती हसली आणि बाटली पेटीत टाकली. पेटीत अशा आणखी सहा-सात बाटल्या होत्या.

हळदीची पिशवी तिने हातात घेतली, चिठ्ठी वाचली, परत ठेवली.

सांगलीला आल्यावर तिसऱ्या दिवशी हे ती पिशवी घेऊन मार्केट यार्डात गेले. चार जुने सोबती जमले, अडत्याच्या गादीवर कागद पसरून त्यावर पूड ओतली. प्रत्येकाने चिमूट घेतली, तळहातावर चोळली, वास घेतला. एकजण म्हणाला राजापुरी. दुसरा म्हणाला, छ्या, सेलम आहे ही. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की दोन्हींची भेसळ आहे. दुपारी हे घरी आले तेव्हा पिशवीत दोन चमचे हळद उरली होती आणि वाद मिटलेला नव्हता.